नावात नसलेली साखर

शीरखुर्मा हा शब्द फारसीतून आला. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. ईदच्या सकाळी घरोघरी आणि शेजारीपाजारी वाटीवाटीने पोहोचणाऱ्या या पदार्थाच्या नावातच त्याचे दोन मुख्य घटक सांगून टाकले आहेत. दोन्ही मुळातच गोड. दुधात दुधाची साखर असते, खजुरात खजुराची. मात्र पातेल्यात पडणारी तिसरी साखर, जी किराणा दुकानातून किलोच्या भावाने येते, तिचा या नावात कुठेही उल्लेख नाही.

हीच गत आज पाकीटबंद पदार्थांची आहे. रमजानच्या महिन्यात दुकानांच्या मांडण्या बदलतात. दर्शनी भागात खजुराचे डबे येतात, त्यांच्या शेजारी सरबताच्या बाटल्या, फळांच्या रसाचे खोके, सुगंधी दुधाच्या बाटल्या, फालुद्याची तयार पाकिटे, कंडेन्स्ड मिल्क. दिवसभराच्या रोज्यानंतर शरीराला गोड हवेसे वाटते, त्यात गैर काही नाही. पण यातली बरीच पाकिटे ‘नॅचरल’, ‘फळांचा गोडवा’, ‘खजुरयुक्त’ असे काहीतरी सांगत असतात. त्या गोडव्यापैकी किती फळाचा, किती दुधाचा आणि किती कारखान्यात ओतलेला, हे पाकिटाच्या पुढच्या बाजूवरून कळत नाही. ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. नैसर्गिक साखर आणि वरून घातलेली साखर यांचे रेणू वेगळे नसतात. खजुरातले ग्लुकोज आणि औषधाच्या दुकानातल्या पुडीतले ग्लुकोज रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच. प्रयोगशाळेत एकूण साखर मोजता येते, पण त्यातला कुठला कण फळाचा आणि कुठला पोत्यातला, हे एरवी सांगता येत नाही. म्हणूनच अमेरिकेत ‘ॲडेड शुगर’ ही ओळ लेबलवर सक्तीची करताना कंपन्यांना आपल्या कृतीची लेखी नोंद ठेवण्याचे बंधनही घातले गेले. तो आकडा उत्पादकाच्या हिशोबातून येतो.

मग फरक कशात? साखर कशासोबत येते, यात. अख्ख्या फळात ती पेशींच्या भिंतींत अडकलेली असते, सोबत तंतू आणि पाणी असते. चावावे लागते, पोट भरते, रक्तात साखर त्या मानाने हळू उतरते. दुधातल्या साखरेसोबत प्रथिने आणि कॅल्शियम येते. फळाचा रस काढला, गाळला, आटवला की भिंती मोडतात आणि उरते गोड पाणी. उसाचा रस हे याचे आपल्याकडचे सर्वांत चांगले उदाहरण. रसवंतीवाला त्यात साखर घालत नाही, लिंबू आणि आले घालतो. म्हणून तो बिनसाखरेचा ठरतो का? साखर कारखान्याचा कच्चा मालच तो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा ‘नैसर्गिक की कृत्रिम’ हा वाद बाजूला ठेवून ‘मुक्त साखर’ असा शब्द वापरला. उत्पादकाने, स्वयंपाक करणाऱ्याने किंवा खाणाऱ्याने वरून घातलेली साखर तर त्यात येतेच. शिवाय मध, सिरप, फळांचा रस आणि रसाचा अर्क यांतली साखरही येते. अख्खी फळे, भाज्या आणि दूध यांतली साखर मात्र त्यात धरलेली नाही. दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त साखरेतून यावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक बरे, असे ही संघटना म्हणते. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण ४ ग्रॅमचा धरला, तर बारा आणि सहा चमचे.

आता पाकीट उलटे करावे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पोषणमूल्यांच्या तक्त्यात कर्बोदकांच्या खाली दोन ओळी असतात. एक ‘टोटल शुगर्स’, म्हणजे एकूण साखर. दुसरी ‘ॲडेड शुगर्स’, म्हणजे वरून घातलेली. पहिलीतून दुसरी वजा केली की उरते ती पदार्थातली मूळ साखर. बेरीज-वजाबाकी इतकीच आहे. पण दोन ठिकाणी डोळा फसतो.

पहिले ठिकाण म्हणजे प्रमाण. तक्ता बहुधा १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरसाठी असतो आणि बाटली २०० ची असते. आकडा दुप्पट करायचा राहून जातो. दुसरे ठिकाण टक्क्यांचे. ‘आरडीए’ असे लिहिलेल्या रकान्यात एका वाढणीतून दिवसाच्या मर्यादेचा किती टक्के भाग मिळतो, ते दिलेले असते आणि घातलेल्या साखरेसाठी ही मर्यादा ५० ग्रॅम धरलेली आहे. एखाद्या पेयापुढे ५० टक्के दिसले की वाटते, अजून निम्मा दिवस शिल्लक आहे. पण २५ ग्रॅमची कडक मर्यादा पाळायची असेल, तर तो प्याला संपताच दिवसाचा कोटाही संपतो.

दुधाच्या पदार्थांत ही वजाबाकी फार उपयोगी पडते. तक्ता जुना असेल, पुसट असेल किंवा दुसरी ओळ नसेल, तरी करता येते, कारण दुधाची स्वतःची साखर ठरलेली आहे. १०० मिलिलिटर दुधात ती साधारण साडेचार ते पाच ग्रॅम असते. म्हशीच्या दुधात थोडी जास्त. साध्या दह्यात किंचित कमी, कारण विरजण लागताना जिवाणू त्यातली काही साखर आंबटपणात बदलतात. समजा, केशर-पिस्ता दुधाच्या बाटलीवर १०० मिलिलिटरला एकूण साखर साडेनऊ ग्रॅम लिहिली आहे. त्यातली पावणेपाच दुधाची. उरलेली पावणेपाच वरून घातलेली, आणि २०० मिलिलिटरच्या बाटलीत ती साडेनऊ. म्हणजे दोन चमचे आणि वर थोडी. गोड लस्सी आणि फळांच्या चवीचे दही याच रीतीने तपासता येते. उलट, साध्या दुधाच्या पिशवीवर साखरेचा आकडा दिसला म्हणून दचकण्याचे कारण नाही. ती गायी-म्हशीने दिलेली आहे.

कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यावर १०० ग्रॅममध्ये एकूण साखर साधारण ५५ ग्रॅमच्या घरात दिसते. त्यातली दुधाची दहा-बारा. बाकी सगळी घातलेली. दूध आटवायचा वेळ वाचावा म्हणून शीरखुर्म्यात डबा रिकामा केला जातो आणि मग सवयीने वरून साखरही पडते. हिशोब घरच्या पातेल्याचाही मांडून पाहता येईल. एक लिटर दूध, बिया काढलेला १०० ग्रॅम खजूर, १५० ग्रॅम साखर आणि दहा वाट्या असे प्रमाण धरले, तर एका वाटीत दुधाची पाचेक ग्रॅम, खजुराची साडेसहा आणि वरची १५ ग्रॅम साखर येते. नावातले दोन्ही घटक मिळून साडेअकरा. नावात नसलेला एकटाच १५. साखर निम्मी केली तरी वाटीत १९ ग्रॅम गोडवा राहतो, जो खाणाऱ्याला कमी वाटेल असे नाही. ज्यांच्या घरी खजुराऐवजी खारीक भिजवून, काप करून घालतात, त्यांनाही ढोबळमानाने हाच हिशोब लागू होतो.

तक्त्याच्या शेजारी किंवा खाली घटकांची यादी असते आणि जाणकार ती आधी वाचतात. नियम असा की जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो पहिला. मग उतरत्या क्रमाने बाकीचे. साखर पहिल्या तिनांत असेल तर तो पदार्थ मिठाई समजावा, पुढे चित्र कशाचेही असो. पण ती एकाच नावाने येईल असे नाही. ‘शुगर’ चौथ्या क्रमांकावर, ‘लिक्विड ग्लुकोज’ सहाव्या, ‘इन्व्हर्ट सिरप’ सातव्या, ‘मध’ नवव्या अशी ती विखुरलेली असते. चौघांना एकत्र बसवले तर पंगतीत पहिला पाट त्यांचाच. म्हणून काही नावे ओळखीची करून घ्यावीत. सुक्रोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्टोज या ‘ओज’ने संपणाऱ्या शर्करा. कॉर्न सिरप, राइस सिरप, गोल्डन सिरप, डेट सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट हे पाक. फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट म्हणजे आटवलेला फळांचा रस. गूळ, काकवी, खांडसारी आणि मध ही घरातली माणसे. पण हिशोबात त्यांनाही सवलत नाही. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, तरी गूळ बहुतांशी साखरच आहे. ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ हे नाव जरा निराळे. तांत्रिकदृष्ट्या ते साखरेच्या ओळीत धरले जात नाही, कर्बोदकांत जाते, पण रक्तातली साखर ते झपाट्याने वाढवते.

भाषेचा इतिहास पाहिला तरी या नावांची नाती उलगडतात. संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर आणि तिथून युरोपात जाऊन शुगर. सौदीहून येणाऱ्या मऊ, सोनेरी खजुराला ‘सुक्करी’ म्हणतात, तेही याच सुक्करवरून. तसेच सरबत आणि सिरप ही भावंडे. दोघांचे मूळ अरबीतल्या ‘पिणे’ या धातूत आहे.

आणि सरबत खरोखरच सिरप आहे. फळांचे असो वा कृत्रिम चवीचे, सरबत म्हणून विकल्या जाणाऱ्या अर्कात विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत, असे अन्न मानकच सांगते. आणि हे घन पदार्थ म्हणजे मुख्यतः साखर. त्यामुळेच बाटली उघडल्यावरही टिकते. दिल्लीच्या हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उन्हाळ्याचा दाह शमवण्यासाठी रूह अफ्जा बनवले, तेव्हापासून लाल सरबत इफ्तारच्या दस्तरखानावर आणि उन्हाळी पाहुणचारात मुरले आहे. ते सोडा, असे कोणी म्हणणार नाही. पण दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर अर्क, वजनाने ३९ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यात २५ ग्रॅम साखर असते. मुले ग्लासात थेट बाटली वाकडी करतात, तेव्हा दोन चमच्यांवर थांबत नाहीत. एका चमच्यात सब्जा, लिंबू आणि भरपूर बर्फ घातला तर रंग फिका दिसेल, एवढेच.

आता खजुराकडे. १०० ग्रॅम खजुरात साधारण ६५ ग्रॅम साखर असते, सोबत सात-आठ ग्रॅम तंतू. लहान खजुरात पाचेक ग्रॅम, मोठ्या मेडजूलमध्ये १५-१६ ग्रॅम. ही साखर मूळची आहे, म्हणून पाकिटावर ‘ॲडेड शुगर’ शून्य असायला हवे आणि घटकांच्या यादीत ‘खजूर’ हा एकच शब्द. काही पाकिटांवर मात्र ‘डेट्स, ग्लुकोज सिरप’ असे लिहिलेले सापडते. चकाकी आणि मऊपणा यावा म्हणून खजुराला पाक चोळलेला असतो. गोड फळाला साखर लावणे हा निव्वळ व्यापार झाला. सुक्यामेव्यातही हेच पाहावे. बेदाण्याची साखर त्याची स्वतःची. टुटीफ्रुटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई, आणि सुकवलेल्या क्रॅनबेरीत साखर बहुतेक वेळा घातलेलीच असते.

पुढच्या बाजूवरचे दावे याच चष्म्यातून वाचावेत. ‘शुगर फ्री’ म्हणजे १०० ग्रॅम किंवा मिलिलिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नाही. तिथे गोडी बहुधा सुक्रालोज, स्टिव्हिया किंवा माल्टिटॉलची असते आणि तसा खुलासा लेबलवर शोधला की मिळतो. ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे साखर नाही असे नव्हे. वरून घातलेली नाही, इतकेच. जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांत या शब्दांना बरीच कडक अट आहे. साखरेच्या जागी आटवलेला रस किंवा सुक्या फळांचा गर वापरला असेल, तरी हा दावा करता येत नाही. म्हणून खजुराच्या गराने गोड केलेल्या वड्यांवर तो दिसला, तर घटकांची यादी दोनदा वाचावी. ‘नो रिफाइंड शुगर’ ही तर वेगळीच बोली. पांढरी साखर नाही, एवढेच ती सांगते. गूळ, मध, पाक काहीही असू शकतो.

रसाच्या खोक्यांवरही बराच काळ असाच गोंधळ होता. आटवलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून बनवलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असे लिहिले जात असे. जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने हा दावा लेबल आणि जाहिरातींतून काढायला सांगितले. तरीही शुद्ध रसाच्या २०० मिलिलिटर प्याल्यात वीसेक ग्रॅम साखर असणारच. इफ्तारला त्याऐवजी संत्र्याच्या फोडी, कलिंगड आणि पेरू ठेवले, तर त्याच गोडीसोबत तंतूही मिळतात. फ्रूट चाट हा या बाबतीत दस्तरखानावरचा सर्वांत शहाणा पदार्थ, त्यावर पिठीसाखर भुरभुरली नाही तर.

आखातातून किंवा युरोपातून सुट्टीला येणारे नातेवाईक चॉकलेट-बिस्किटांचे डबे आणतात. युरोपीय लेबलवर कर्बोदकांखाली ‘त्यापैकी शर्करा’ अशी एकच ओळ असते; घातलेली साखर वेगळी दाखवण्याची तिथे सक्ती नाही. अशा वेळी घटकांची यादी हाच आधार. आपल्याकडे दुसरी अडचण भाषेची. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असावे, असा नियम आहे; बाकीच्या भाषा उत्पादकाच्या मर्जीवर. प्रत्यक्षात बहुतेक सगळे इंग्रजीत. घरातल्या दादीजान उर्दू अखबार वाचतात, शेजारच्या आजी मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. पण ज्यांना साखरेची सर्वांत जास्त एहतियात हवी, त्यांनाच ते लेबल वाचता येत नाही. मोबाइलने फोटो काढून, मोठा करून नातवंडांनी दोन ओळी वाचून दाखवल्या, तर काम होते. घरच्यांनी उर्दूत किंवा मराठीत दहा-बारा नावांची चिठ्ठी करून फ्रिजवर लावायलाही हरकत नाही.

हे सगळे मधुमेह असलेल्यांसाठी अपुरे आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. आयसीएमआर-इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. त्यांच्या दृष्टीने ‘ॲडेड शुगर शून्य’ हा परवाना नव्हे. रक्तातली साखर खजुरानेही वाढते, भाताने आणि मैद्यानेही. त्यांनी एकूण कर्बोदकांची ओळ पाहावी आणि खजूर मोजून खावा. सुन्नत म्हणून विषम संख्येचा आग्रह असेल, तर एक हीसुद्धा विषम संख्याच आहे. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआनमध्येच दिलेली आहे. ज्यांना तरीही रोजा ठेवायचा आहे, त्यांनी रमजानपूर्वी डॉक्टरांकडून गोळ्या आणि इन्शुलिनच्या वेळा बदलून घ्याव्यात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयक सूचनांनुसार, बोटातून रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. आणि ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडावा. चतुर्थी-एकादशी किंवा नवरात्रीचे उपवास करणाऱ्या मधुमेहींनाही राजगिऱ्याच्या लाडूचे आणि खजुराच्या वडीचे पाकीट उलटून पाहायला हवेच.

सुट्या पदार्थांना मात्र लेबलच नसते. मशिदीजवळच्या गल्लीत तळून निघणारी जिलेबी, मालपुवा, परातीतला शाही तुकडा किंवा हलवायाच्या काचेमागची बर्फी यांवर कुठलाही तक्ता नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढे ती कधीपर्यंत खावी, ती तारीख लावणे दुकानदाराला सक्तीचे झाले. साखर किती, हे लिहिण्याची सक्ती नाही. तिथे विचारणे हाच मार्ग. किलोभर खव्याला साखर किती घालता, असे विचारले तर ओळखीचा हलवाई बहुधा खरे सांगतो, आणि कमी साखरेची वेगळी परात ठेवतो का, हेही त्याच वेळी विचारून घेता येते.